जे पडताळता येत नाही, त्याचं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न : प्रत्यक्षार्थवाद

ठाणे आणि नवी मुंबईहून या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच मताभोवती फिरतात. ज्ञान म्हणायचं ते निरीक्षणातून आलेलं आणि निरीक्षणानेच तपासता येणारं, बाकी सगळी बडबड, असं हे मत. त्याला प्रत्यक्षार्थवाद म्हणतात. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : सेट परीक्षेची तयारी करतोय. क्लासच्या नोट्समध्ये ऑग्युस्त काँत आणि व्हिएन्ना वर्तुळ एकाच परिच्छेदात उरकले आहेत. दोघांचं म्हणणं एकच होतं का? (परीक्षार्थी, नौपाडा, ठाणे)

नोट्स काढणाऱ्याने शाई वाचवली आहे. काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाचा मुख्य ग्रंथ १८३० ते १८४२ या काळात सहा खंडांत आला आणि त्याचा प्रश्न इतिहासाचा होता : माणसाची बुद्धी कुठल्या टप्प्यांतून जाते? आधी देवदेवतांची कारणं, मग 'शक्ती', 'सार' असल्या अमूर्त गोष्टींची कारणं आणि शेवटी 'का' हा प्रश्नच सोडून घटनांमधले नियम शोधणं, अशा तीन अवस्था त्याने मांडल्या. गणित, खगोल, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, समाजशास्त्र ही शास्त्रांची उतरंडही त्याचीच. यातल्या प्रत्येक शास्त्राची पद्धत वेगळी असते, असंही तो ठासून सांगतो, आणि नोट्समधून नेमकं हेच गळतं.

व्हिएन्नाचा प्रश्न भाषेचा. मॉरित्स श्लिक हा तत्त्वज्ञ १९२२ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात आला, त्याच्याभोवती हान, नॉयराथ, कार्नॅप वगैरे मंडळी जमली (हेच व्हिएन्ना वर्तुळ) आणि १९२९ मध्ये त्यांचं जाहीर निवेदन निघालं. फ्रेगे आणि रसेल यांचं नवं तर्कशास्त्र हे त्यांचं हत्यार. वाक्य खरं की खोटं हे नंतर बघू, आधी त्याला अर्थ आहे का ते बघू, ही त्यांची चाल. दोन मार्कांच्या प्रश्नाला इतकं लिहिलंत तरी चालेल : ईश्वराबद्दलचं विधान काँतच्या लेखी मागे पडलेल्या अवस्थेतलं आहे, कार्नॅपच्या लेखी ते खरंही नाही आणि खोटंही नाही.

पुढे काँतने 'मानवतेचा धर्म' काढला, त्याचं २८ दिवसांच्या १३ महिन्यांचं कॅलेंडरही बनवलं. ब्राझीलच्या झेंड्यावरचं 'सुव्यवस्था आणि प्रगती' हे १८८९ मधलं घोषवाक्य त्याच्याच विचारातून आलं. व्हिएन्नाच्या मंडळींना हा वारसा सांगताना जरा अवघडल्यासारखंच झालं असतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं. गिझरच्या कॉइलवर क्षार बसतात. एक विक्रेता पाइपला बाहेरून लावायचं चुंबकी यंत्र देतोय. 'पाण्याच्या रेणूंची रचना बदलते' म्हणतो. कमिटीत दोन तट पडलेत. तुमच्या तत्त्वज्ञानाचा इथे काही उपयोग आहे? (सोसायटी सचिव, घोडबंदर रोड, ठाणे)

आहे, आणि पुस्तकातल्यापेक्षा जास्त. व्हिएन्नावाल्यांचा प्रश्न विक्रेत्याला जसाच्या तसा विचारा : रचना बदलली असेल तर आम्हाला काय वेगळं दिसेल? 'रेणू एका रांगेत येतात' एवढंच उत्तर आलं तर तुमच्या हातात अजून दावा आलेलाच नाही. त्याच्याकडून एक वाक्य लेखी भरून घ्या : 'यंत्र बसवल्यावर अमुक गोष्टीत, अमुक इतका फरक, अमुक दिवसांत दिसेल.' निम्मा वाद इथेच मिटतो, कारण बरेच जण ही रिकामी जागा भरायला तयार होत नाहीत.

टीडीएस मीटरवर फरक दाखवला तर मानू नका. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. साध्या रेझिनच्या सॉफ्टनरमध्येही कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, म्हणून कठीणपणा उतरतो पण टीडीएस जवळपास तसाच राहतो. चुंबक तर पाण्यातून काहीच काढत नाही. त्यामुळे त्याने टीडीएस उतरलेला दाखवला, तर आधी मीटर आणि नमुने तपासा.

कठीणपणा मोजायचा तो ईडीटीएच्या टायट्रेशनने, म्हणजे ईडीटीए या रसायनाचं द्रावण रंग पालटेपर्यंत सोडून आणि किती लागलं ते मोजून. ५० मिली पाणी घ्या, पीएच १० ठेवणारं अमोनिया बफर १-२ मिली, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग पालटून खूण देणारी पूड). रंग वाइनसारखा लाल येतो. ०.०१ मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडायचं. लाल छटा पूर्ण जाऊन निळा झाला की थांबायचं. जितके मिली लागले त्याला २० ने गुणा : १७.५ मिली म्हणजे लिटरला ३५० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) २०० ही स्वीकार्य मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. चुका ठरलेल्या आहेत. बफरची बाटली उघडी राहून अमोनिया उडाला की पीएच उतरतो आणि रंग झटकन न पालटता जांभळ्यात रेंगाळतो. पाण्यात तांबं किंवा लोह असेल तर तो निळा होतच नाही. बफर घातल्यावर पाच मिनिटांच्या आत संपवा, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसायला लागतं.

हा आकडा यंत्राच्या आधी आणि नंतर सारखाच येणार. विक्रेता लगेच म्हणेल, 'कठीणपणा कमी होतो असं मी कुठे म्हटलं? क्षार चिकटत नाहीत.' ठीक आहे, हा वेगळा दावा आहे आणि तपासण्याजोगा आहे. प्रकाशित चाचण्यांत काहींना असा फरक दिसला, काहींना नाही. म्हणून तुमच्या पाण्यावर बघा.

प्रत्येकी २००-३०० ग्रॅमची दोन सारखी स्टीलची पातेली घ्या, 'क' आणि 'ख' खुणा करा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर कोरडी तोलून ठेवा. यंत्राच्या आधीच्या नळाचं १ लिटर एकात, नंतरच्या नळाचं १ लिटर दुसऱ्यात. एकाच शेगडीवर, एकाच आचेवर, उकळी फुटल्यापासून १० मिनिटं. मग न घासता पाणी ओतून टाका. असं २० वेळा. पाण्यातला उकळल्यावर खाली बसणारा कठीणपणा लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर एका पातेल्यात जास्तीत जास्त ५ ग्रॅम जमू शकतात. त्यातला चिकटून राहिलेला भागच तुम्हाला तोलायचा आहे. पातेलं पूर्ण वाळवून, थंड करून तोला. गरम भांड्याभोवतीची हवा वर चढते आणि काटा वजन कमी दाखवतो.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, सगळ्यात आधी दोन्ही पातेल्यांत *तेच* साधं पाणी उकळून बघा. तेवढ्यानेही ०.३ ग्रॅमचा फरक पडत असेल, तर पुढे दिसलेल्या ०.२ ग्रॅमला काही किंमत नाही. दोन, तोलणाऱ्या माणसाला 'क' म्हणजे कुठलं पाणी हे कळता कामा नये, आणि पूर्ण चाचणी पातेली आलटूनपालटून पुन्हा करायची.

आता तत्त्वज्ञानातला खरा पेच. निकाल विरुद्ध गेला की विक्रेता सांगेल : पाइपमधला वेग कमी होता, मोटर जवळ होती, नळापासून पातेल्यापर्यंत परिणाम ओसरला. यातलं काही खरंही असू शकतं. प्येर द्युएम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये हेच दाखवलं की प्रयोगाला एकटं गृहीतक कधीच सामोरं जात नाही, त्याच्याबरोबर दहा जोडगृहीतकं असतात आणि दोष कुणाच्या माथी मारायचा हे प्रयोग सांगत नाही. युरेनस वाकडा चालतो म्हणून न्यूटनला कुणी टाकलं नाही, अज्ञात ग्रह मानला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुध वाकडा चालतो म्हणून तशीच 'व्हल्कन' ग्रहाची कल्पना केली, तो कधीच सापडला नाही. तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सुटला. म्हणजे पळवाट दर वेळी खोटीच असते असं नाही. म्हणूनच वेग, अंतर, मोटरची जागा, पाणी किती मिनिटांत वापरायचं, हे सगळं चाचणीच्या *आधी* विक्रेत्यालाच ठरवू द्या आणि त्याच कागदावर सही घ्या. नंतर सुचलेल्या सबबीला चेक फाडायचा नाही.

प्रश्न : 'पडताळता येतं तेच अर्थपूर्ण' हे वाक्य स्वतःच पडताळता येत नाही. म्हणजे तार्किक प्रत्यक्षार्थवाद एका ओळीत संपला, असं आम्हाला शिकवलं. मग त्यावर दहा गुणांचा प्रश्न का येतो? (एम.ए. तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी, नेरूळ)

कारण तो, म्हणजे व्हिएन्नावाल्यांचा वाद, त्या ओळीने संपला नाही. कार्नॅपचं उत्तर सोपं होतं : हे तत्त्व म्हणजे विधान नव्हे, भाषा कशी वापरावी याचा प्रस्ताव आहे. प्रस्ताव खरा की खोटा असं कुणी विचारत नाही, उपयोगाचा की नाही असं विचारतात. हे उत्तर पटो न पटो, परीक्षेत ते लिहून मगच पुढे जायला हवं.

खरी मोडतोड आतून झाली. पूर्ण पडताळणी मागितली तर 'तांबं तापवलं की प्रसरण पावतं' हेही बाद होतं, कारण जगातलं सगळं तांबं, उद्याच्यासकट, कोण तापवणार? मग एअर या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३६ मध्ये अट सैल केली : इतर गृहीतकांच्या जोडीने एखादं निरीक्षण-विधान निघत असेल, आणि ते त्या गृहीतकांतून एकटं निघत नसेल, तर वाक्य अर्थपूर्ण. भोक कुठे आहे ते करूनच पाहा. कुठलीही बाष्कळ ओळ घ्या : 'विश्वाचा स्वभाव तिरका आहे.' तिला जोड द्या : 'विश्वाचा स्वभाव तिरका असेल तर हे टेबल लाकडी आहे.' दोन्हीतून 'हे टेबल लाकडी आहे' निघतं, आणि नुसत्या जोड-वाक्यातून ते निघत नाही. झालं, तिरकं विश्व अर्थपूर्ण ठरलं! १९४६ च्या आवृत्तीत एअरने ठिगळ लावलं. १९४९ मध्ये अलॉन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाने एका परीक्षणात तेही उसवून दाखवलं.

हेम्पेल या तत्त्वज्ञाचा कावळा वेगळ्याच बाजूने टोचतो. 'सर्व कावळे काळे' हे 'जे काळं नाही ते कावळा नाही' याच्याशी तर्कदृष्ट्या समान आहे. मग कपाटातला पांढरा रुमालही कावळ्यांच्या काळेपणाला पुष्टी देतो! (उदाहरण लिहिताना डोमकावळा लिहा. ठाण्यातल्या गावकावळ्याची मान करडी असते, परीक्षक पक्षिनिरीक्षक निघाला तर पंचाईत.) आणि १९५१ मध्ये क्वाइन या अमेरिकी तत्त्वज्ञाने, द्युएमचाच मुद्दा आणखी लांब नेत, एकेका वाक्याची सुटी पडताळणी ही कल्पनाच नाकारली.

एक चूक मात्र दर वर्षी उत्तरपत्रिकांत सापडते : 'पॉपरने पडताळणीऐवजी खंडनक्षमता हा अर्थाचा निकष दिला.' नाही. १९३४ च्या त्याच्या पुस्तकात खंडनक्षमता (विधान खोटं ठरवता येण्याची सोय) आहे ती विज्ञान आणि बाकीचं यांच्यात रेघ ओढायला. जे विज्ञान नाही ते निरर्थक, असं पॉपर म्हणत नाही.

प्रश्न : ताऱ्यांमध्ये काय आहे हे कधीच कळणार नाही, असं काँत म्हणाला होता ना? मग सूर्यावरचा हेलियम आपल्या विजयदुर्गावरून सापडला, हा त्याला परस्पर मिळालेला जबाबच नाही का? (शिक्षिका, वाशी)

पहिला भाग बरोबर. १८३५ च्या दुसऱ्या खंडात त्याने लिहिलं की ताऱ्यांचे आकार, अंतरं, गती ठरवता येतील, रासायनिक घडण कधीच नाही. १८५७ मध्ये काँत वारला आणि दोनच वर्षांनी हायडेलबर्गला किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटावरून मूलद्रव्यं ओळखायची रीत बसवली.

विजयदुर्गाची कथा मात्र वर्गात सांगताना तारखा जपा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. हेलियमच्या शोधाशी ज्याचं नाव जोडतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी भारतात नव्हता. सूर्याच्या कडेच्या वर्णपटातली पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि तोवर, १८९५ मध्ये, रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम वेगळा केलेला होता.

काँतची चूक मूर्खपणाची नव्हती, म्हणूनच ती शिकवण्याजोगी आहे. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा फ्राउनहोफरने १८१४ पासून मोजून ठेवल्या होत्या. निरीक्षण वीस वर्षं समोर होतं, पण त्या रेषा *कशाच्या* हे सांगणारा सिद्धांत नव्हता. काय निरीक्षण करता येईल याची यादी आजच्या साधनांवरून पक्की केली की असं होतं. अणू दिसत नाहीत म्हणून ते न मानणाऱ्या एर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाचं तेच झालं. आइन्स्टाइनचं १९०५ चं गणित आणि पेरँचे १९०८ चे प्रयोग आल्यावर ऑस्टवाल्डसारख्या कडव्या विरोधकाने अणू मान्य केले, माख बधला नाही. व्हिएन्नावाले यातून शिकले आणि 'आज पडताळता येतं' आणि 'तत्त्वतः पडताळता येईल' यांत त्यांनी फरक केला. चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर डोंगर आहेत, हे त्यांचं आवडतं उदाहरण. ती बाजू १९५९ मध्ये लूना ३ यानाने टिपली.

प्रश्न : मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. आम्ही मत देत नाही, आकडा लिहितो. 'निरीक्षणातच सिद्धांत मिसळलेला असतो' हे वाक्य प्रयोगशाळेत बसत नाही. (रसायनतज्ज्ञ, ऐरोली)

तुमच्या टेबलावरचं पीएच मीटर घेऊ. इलेक्ट्रोड पीएच देत नाही, मिलिव्होल्ट देतो. २५ अंशांना एका पीएचला ५९.१६ मिलिव्होल्ट, हा हिशेब नेर्न्स्टच्या समीकरणाचा. शॉपफ्लोअरवर ३५ अंश असेल तर तोच उतार ६१.१ होतो. ७ आणि ४ च्या बफरने कॅलिब्रेशन करता तेव्हा तुम्ही मीटरला तो सिद्धांतच शिकवत असता, आणि बफरची बाटली जुनी असेल तर चुकीचा शिकवता. उतार ९५ टक्क्यांच्या खाली गेला की इलेक्ट्रोड साफ करायचा किंवा बदलायचा, हा निर्णयही 'उतार इतका असायलाच हवा' या सिद्धांतावरच उभा असतो. शिवाय तापमान-भरपाईचं बटण फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारतं. नमुन्याचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो, तो बदल ते काढत नाही. म्हणून नोंदवहीत '७.४२' एकटं लिहिणं अपुरं, शेजारी तापमान हवं.

म्हणून आकडा मनाचा ठरत नाही. पण निरीक्षण हा कशावरही न टेकलेला पाया आहे, हे श्लिकला हवं होतं आणि नॉयराथने त्याला तिथेच अडवलं : नोंदवहीतली नोंदसुद्धा बाकीच्या विधानांशी जुळत नसेल तर खोडता येते. तुमच्याकडे 'रीडिंग आउटलायर धरलं' असा शेरा मारतात तो हाच.

प्रश्न : चार्वाक हा आपला प्रत्यक्षार्थवादी म्हणावा का? (निवृत्त वाचक, कोपरी, ठाणे)

अर्धाच. प्रत्यक्षाखेरीज प्रमाण (ज्ञानाचं साधन) नाही इथपर्यंत दोघं शेजारी बसतात. पण चार्वाकांचा रोख अनुमानावर आहे : धूर तिथे अग्नी ही व्याप्ती (कायमची सांगड) सर्वत्र आणि सर्वकाळ खरी, हे कुणी पाहिलं? काँतला तर नियमच हवे होते आणि नियम म्हणजे व्याप्तीच. त्यातल्या त्यात पुरंदर नावाच्या चार्वाकाचं मत जवळचं आहे. कमलशील या बौद्ध पंडिताने ते नोंदवलं आहे : व्यवहारातलं अनुमान चालेल, परलोकाचं नाही.

प्रश्न : पीएच.डी.साठी ३०० जणांची प्रश्नावली भरून घेतली आहे. गाइड म्हणतात, संशोधनपद्धतीच्या प्रकरणात 'प्रत्यक्षार्थवादी भूमिका' लिहा. काय लिहू? (संशोधक विद्यार्थी, खारघर)

आकडे आहेत म्हणून भूमिका प्रत्यक्षार्थवादी होत नाही. मुलाखती घेणाराही कट्टर प्रत्यक्षार्थवादी असू शकतो. ते दीड पान तत्त्वज्ञानाचं उसनं अवतरण देण्यापेक्षा तीन गोष्टींना द्या. 'समाधान' किंवा जे काही मोजताय ते कुठल्या प्रश्नांच्या कुठल्या उत्तरांवरून ठरवलं, हे सांगा. ब्रिजमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये संकल्पना मोजण्याच्या कृतीने ठरवा म्हटलं, तिथून ही सवय आली. पण कृती बदलली की संकल्पनाही बदलते ही तिची अडचण आहे, म्हणून पाच-बिंदू श्रेणीवर मिळालेलं समाधान आणि राजीनाम्यांच्या आकड्यावरून काढलेलं समाधान एकच समजू नका. दुसरं, कुठला निकाल आला असता तर तुम्ही गृहीतक सोडलं असतं, ते लिहा. तिसरं, हे प्रश्नावली वाटायच्या आधी ठरलं होतं की नंतर, तेही प्रामाणिकपणे लिहा.

आणि काँतला आधाराला घेऊच नका. समाजाच्या अभ्यासात संभाव्यतेचं गणित आणण्याला त्याचा सक्त विरोध होता. केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये आपल्या आकडेवारीच्या पुस्तकाला 'सामाजिक भौतिकी' म्हटलं. ते नाव काँत आपल्या शास्त्रासाठी वापरत होता. ते पळवलं गेलं म्हणून त्याने १८३९ मध्ये 'सोसिऑलॉजी' हा नवा शब्द घडवला. टी-टेस्ट या संख्याशास्त्रीय चाचणीच्या तक्त्यावर त्याचं नाव दिसलं, तर वायव्हाला आलेला जाणकार पहिला प्रश्न तिथेच विचारेल.